अर्धा मांडा बास

भांडवलशाहीचे गुणदोष सांगा, हा प्रश्न मी पी.यू.च्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना इतक्या वेळा घातला की शेवटी शेवटी उत्तरपत्रिका न वाचताच मला उत्तर पाठ असायचं. चढाओढीमुळे माल चांगला मिळतो, माणूस झटून काम करतो, हे गुण. विषमता वाढते, ज्याच्या खिशात काही नाही त्याची भूक बाजाराला दिसत नाही, हे दोष. मग समाजवादाची तशीच उलटी यादी आणि खाली सुवर्णमध्य म्हणून मिश्र अर्थव्यवस्था, जिच्याविषयी कुणालाच मनापासून काही म्हणायचं नसतं. पुढं गुडघ्यांनी माझ्याआधी राजीनामा दिला, म्हणून मीही मुदतीआधीच नोकरी सोडली. आता कुणाला मार्क द्यायचे नाहीत, तेव्हा खरं उत्तर लिहायला हरकत नाही. ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. आमच्या आक्काच्या लग्नात, भर पंगतीत सापडलं, आणि त्या वेळी माझ्या हातात लोणच्याची बरणी होती.

आमचं घर बेळगावात, खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत. घर एक, चूल एक आणि अर्थव्यवस्था दोन. माझे वडील, म्हणजे अण्णा, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे आणि कट्टर समाजवादी होते. त्यांचे धाकटे भाऊ, आप्पा, खडेबाजारात साड्यांचं दुकान चालवायचे आणि नफा हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज देवाचं नाव घेतल्यासारखा मऊ व्हायचा. सकाळी अण्णांचा रेडिओ खरखरायचा, त्याला उत्तर म्हणून आप्पा मोठमोठ्यानं गुळण्या करायचे, आणि या सगळ्याच्या वर आईच्या भाकरी थापण्याचा ठेका चालू असायचा. दोघं भाऊ जेवायला समोरासमोर बसायचे. पहिला घास गिळून झाला की वाद सुरू.

"दादा, मी गिऱ्हाइकासंगट गोड बोलतो ते माझ्या फायद्यासाठी बोलतो, कबूल," आप्पा म्हणायचे. "पण साडी चांगली मिळती कुणाला? गिऱ्हाइकालाच न्हवं? तुमच्या रेशनच्या दुकानातला माणूस कधी कुणाकडं बघून हसलाय का?"

"आणि जिच्याकडं पैसाच न्हाय, ती बाई तुझ्या दुकानासमोरनं जाताना हसतोस काय रे तू?" अण्णा विचारायचे. "तुझं गोड बोलणं खिसा बघून सुरू होतंय."

"आणि तुमची समानता रांग लावून संपती!"

आई आणि काकू या वादाकडं पावसाळ्यातल्या गळतीसारखं बघायच्या. आवाज फार चढला की आई दोघांच्या ताटात एकेक भाकरी टाकायची. दोघंही "नको, नको, बास" म्हणायचे, वाद पुढं चालू ठेवायचे आणि भाकरी संपवायचे. शेंगाची चटणी, दही आणि जगाची फेरमांडणी, असं आमचं रोजचं जेवण. मला दोघांचंही पटायचं. जो शेवटी बोलला तो बरोबर, असं माझं त्या वयातलं मत होतं, आणि पुढं तीच वृत्ती घेऊन मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं.

सोव्हिएत युनियन मोडलं तेव्हा अण्णांनी घरात सुतक पाळलं. दाढी केली नाही, गोड खाल्लं नाही आणि बैठकीत भिंतीकडं तोंड करून बसून राहिले. गल्लीतली माणसं खरंच कुणी गेलं असं समजून भेटायला यायला लागली. एक म्हातारे गृहस्थ तर "वय काय हुतं हो?" असं विचारून गेले. अण्णांनी "सत्तरीच्या आसपास" म्हणून सांगितलं आणि म्हाताऱ्यांनी "चांगलं जगले म्हणायचं" अशी समजूत घातली. संध्याकाळी आप्पा कुंदा, आमची बेळगावी खव्याची मिठाई, घेऊन आले. त्यांनी बॉक्स उघडून अण्णांच्या पुढ्यात ठेवला. अण्णांनी तोंड फिरवलं. शेवटी मी आणि आक्कानं तो माडीवर नेऊन संपवला. आजही कुंदा खाताना मला उगीचच रशियाची आठवण येते.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुमन. बी.ए. झाल्यावर लग्न जमेपर्यंत घरात बसून काय करायचं म्हणून ती आप्पांच्या दुकानात जायला लागली आणि बघता बघता दुकानच साडीसारखं तिच्या अंगावर चोपून बसलं. आप्पा दुकानात आलेल्या बाईला एकदम उत्तम साडी दाखवून घाबरवायचे. आक्का आधी नुसती बसायला द्यायची, पाणी द्यायची, लेकीबाळींची चौकशी करायची आणि मग दोन साड्या मुद्दाम साध्या दाखवून तिसरी हळूच उलगडायची. शहापूरच्या साड्या विणणाऱ्या मागवाल्यांकडून माल ठरवायला तीच जायची. कानडी बायकांशी कानडीत, आमच्या बायकांशी मराठीत आणि कुरकुऱ्या नवऱ्यांशी नुसत्या हातवाऱ्यांनी बोलायची. दुकान वाढलं. शेजारचा गाळाही घेतला. आक्काला पगार नव्हता. "आपलंच दुकान हाय, लेकीला कसला पगार?" असं आप्पा म्हणायचे. आणि श्रमाच्या मोबदल्यावर कॉलेजात तास तास बोलणारे अण्णा म्हणायचे, "घरात पगार आणला म्हणजे घराचा बाजार होतोय."

मग निपाणीचं स्थळ आलं. मुलगा, विलास, हायस्कुलात गणित शिकवायचा. वडील दत्ताजीराव तंबाखूचे व्यापारी, देहानं अगडबंब, बोलायला मोकळे. त्यांच्याजवळ बसलं की वखारीतल्या तंबाखूचा वास यायचा आणि दोन शिंका हमखास. लग्न ठरलं. त्या आठवड्यात अण्णांनी आक्काला हाक मारून विचारलं, "सुमन, लग्नात तुला काय पाहिजे? मोकळेपणानं सांग."

"काय नको, अण्णा."

अण्णा खूश. आप्पांनी दुकानात विचारलं. "काय नको, आप्पा." आप्पाही खूश. दोघांनी रात्रीच्या जेवणात तिचं कौतुक केलं. अण्णांच्या मते ती निरिच्छ होती, आप्पांच्या मते काटकसरी. आक्का मान खाली घालून आमटी वाढत होती.

दुसऱ्या दिवशी माडीवर सांडगे घालताना तिनं मला सांगितलं, "नले, मला दुकानात वाटा पाहिजे गं. निपाणीत असलंच दुकान काढायचं हाय, आप्पांच्या भागीदारीत. तिथल्या बायका साडीसाठी कोल्हापूरला जात्यात. मी गेलो की चालंल बघ दुकान."

आमच्या भागात बायका असंच बोलतात, मी गेलो, मी आलो. पुण्याची एक मैत्रीण मला यावरून अजून हसते, हसू दे.

"मग सांगितलं का न्हाईस? विचारलं की दोघांनी."

"एकदाच विचारलं," आक्का म्हणाली. "एकदा विचारल्यावर कोण व्हय म्हणतंय? हावरट दिसतंय."

हे तिचं एकटीचं खूळ नव्हतं. आमच्याकडं पहिल्या विचारण्याला नको म्हणायचं, ही रीत. दुसऱ्यालाही नको, पण जरा हळू आवाजात. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग "बरं, तुमचा मान म्हणून" असं म्हणून घ्यायचं. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस उपाशी घरचा, आणि पहिल्याच नकारावर थांबणारा यजमान कंजूष. हे कुणी शिकवत नाही. अण्णा-आप्पाही आयुष्यभर असेच जेवत आले होते. फक्त त्यांना वाटायचं, ही रीत भाकरीपुरती आहे.

लग्नाच्या जेवणावरून मात्र घरात युद्ध पेटलं. बेळगावात लग्न म्हटलं की मांडे आलेच. कणीक मनगटांवर झेलत झेलत धोतराएवढी पसरायची, पालथ्या खापरावर भाजायची, आत पिठीसाखर आणि खसखस भुरभुरायची आणि रुमालासारखी घडी घालायची. मांडे करायचे किती आणि वाढायचे कसे, यावर दोघा भावांचं काही केल्या जुळेना. शेवटी आई वैतागून म्हणाली, "एकदाचं करून बघा की दोघांचंबी! आणि मोकळं करा आम्हाला." तिनं चिडून म्हटलेलं ते दोघांनी जाहीर निवाडा म्हणून मान्य केलं. कार्यालय दुमजली होतं. खाली वरपक्षाची पंगत अण्णांच्या नियोजनानं जेवणार आणि वर माडीवर आपल्याकडच्यांची पंगत आप्पांच्या खुल्या बाजारानं. ज्याची पंगत तृप्त, त्याची व्यवस्था श्रेष्ठ. आक्काला यातलं काही कुणी विचारलं नाही, तेव्हा तिला नको म्हणायचीही संधी मिळाली नाही.

अण्णांनी नियोजनाची सुरुवात गरजेच्या पाहणीनं केली. मला बरोबर घेऊन ते एस.टी.नं निपाणीला गेले आणि तिथून बोरगावला वरपक्षाच्या पाहुण्यांकडं. घरोघरी एकच प्रश्न. "लग्नात आपण मांडे किती घेणार? संकोच करू नका, शास्त्रीय पाहणी आहे." आणि घरोघरी एकच उत्तर. "छे, छे, आता कुठलं हो जातंय?" "चतकोर दिला तर बघू." दत्ताजीराव तर पोटावर हात फिरवत म्हणाले, "आमास्नी अर्धा मांडा बास. ते बी तुमचा मान म्हणून."

हे सांगत असताना त्या प्रत्येक घरानं आम्हाला जेवायला घातलं. अण्णा प्रत्येक ठिकाणी "नको, खरंच नको, आत्ताच झालंय" म्हणाले आणि प्रत्येक ठिकाणी जेवले. दत्ताजीरावांकडं तर त्यांना पाटावरून उठवायला विलासनं हात दिला. परतीच्या एस.टी.त पोट सैल सोडून ते मला म्हणाले, "बघितलंस, नले? माणूस मुळात अल्पसंतुष्ट असतोय. त्याला हावरट करतोय तो बाजार." मला बोलायची ताकद नव्हती, मी तिसऱ्या पुरणपोळीनं गप्प झाले होते. त्या हिशेबानं खालच्या पंगतीला माणशी अर्धा मांडा ठरला आणि कुणी आजारातून उठलेला असेल तर म्हणून थोडे राखीव.

आप्पांना पाहणीचं हसू आलं. त्यांनी परात भरभरून मांडे सांगितले, कारण माल जास्त दिसला की गिऱ्हाईक जास्त घेतं. माडीवर वरण-भात-भाजी सगळ्यांना फुकट. अण्णा म्हणाले हा समाजवाद झाला, आप्पा म्हणाले ही जाहिरात हाय. गोड मात्र बाजारात. प्रत्येक पाहुण्याला जिन्याच्या तोंडाशी लाल रेशमी कापडाचे सारखे तुकडे मिळणार, एक तुकडा दिला की एक मांडा. दुकानातली पोरं वाढपी. जो जास्त तुकडे गोळा करील त्याला पँटपीस बक्षीस. "आता बघा आग्रह कसा होतोय ते," आप्पा म्हणाले. "पोरं पाहुण्यांच्या पाया पडतील."

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. माझ्याकडं लोणचं होतं, म्हणून मला दोन्ही मजल्यांवर फिरायची मुभा होती, आणि म्हणून मी हे सगळं सांगू शकते.

माडीवर नंदगडची गंगूआत्या, म्हणजे अण्णा-आप्पांची मोठी बहीण, पंगतीच्या टोकाला बसली होती. वाढपी पोरं तुटून पडली. "काकू, मांडा घ्या!" "मामा, माझ्याकडनं घ्या!" पाहुण्यांनी रीतीप्रमाणं पहिल्यांदा सांगितलं, "नको रे बाबा." तेवढ्यात आत्या वाकून म्हणायची, "तुला नको तर ते तुकडे दे की हिकडं." आता एकदा नको म्हटलेल्या माणसानं तुकडे कसे धरून ठेवायचे? तो लाजेनं देऊन टाकायचा. आत्या पानावरून उठून अख्ख्या पंगतीतून तशीच फिरली. थोड्या वेळात माडीवरचं सगळं चलन तिच्या पदरात होतं. पोरं आता तिच्याकडं धावली. "आत्या, मांडा!"

"मला साखरेचा आजार हाय. गोड बंद केलंय डॉक्टरनी."

"मग तुकडे कशाला घेतलासा?"

"लेकीच्या बाळाला दुपटं शिवतो. असलं कापड ह्यो आप्पा कधी फुकट देतोय व्हय?"

एकदम सगळा बाजार थांबला. परातीत मांड्यांच्या चळती, पोरं हातात मांडे घेऊन उभी, पाहुणे आता तिसऱ्या आग्रहाला हो म्हणायला तयार, आणि तुकडा कुणाकडंच नाही. "वाढ की रे!" "तुकडा द्या." आमच्या वकीलमामांनी आपल्या लाल पटक्याचा कोपरा टर्रकन फाडून पुढं केला. आप्पांनी तो बोटांत चोळून बघितला आणि परत दिला. "हे सुती हाय, मामा. खोटी नोट चालणार न्हाय."

मी बरणी घेऊन खाली आले. खाली भयंकर शांतता होती. प्रत्येक पानावर अर्धा मांडा पडला होता आणि संपला होता. वाढप्यांना अण्णांची सक्त ताकीद होती, गरज नोंदवलेली आहे, आग्रह करून माणसाला बिघडवायचं नाही. दत्ताजीराव आक्का आणि विलासच्या शेजारी बसले होते. त्यांनी आपला अर्धा मांडा एका घासात संपवला आणि रीतीप्रमाणं डावा हात पानावर आडवा धरला. "नको, नको, बास!" ते मोठ्यानं म्हणाले. वर बघितलं. समोर कुणीच नव्हतं. त्यांनी पुन्हा हात धरला. "अहो, नको म्हणतोय न्हवं!" लांब खांबाजवळ वाढपी हात मागं बांधून उभा होता. त्यानं आदरानं मान डोलावली. तेवढं मोठं शरीर, पानावर धरलेला हात, आणि ज्याला नाही म्हणायचं तो माणूसच नाही. सगळी निपाणी तशीच पानांवर हात धरून बसलेली.

दत्ताजीरावांचा चेहरा लाल झाला. "आमाला जेवायला बोलवलंय का मापं घ्यायला?" त्यांनी गुडघ्यावर हात टेकला. वरबाप पानावरून उठला तर पंगत उठते, आणि पंगत उठली की ती गोष्ट त्या घरात सुनेच्या पायात जन्मभर घोटाळते. मी आक्काकडं बघितलं. मुंडावळ्यांआड तिचे ओठ पांढरे पडले होते. निपाणीचं दुकान तर राहिलंच, आता नांदायचं कसं, हे तिच्या तोंडावर लिहिलं होतं.

मी जिन्याकडं धावले. जिन्याच्या मधल्या वळणावर दोघं भाऊ उभे. अण्णा मांडे न्यायला आले होते.

"तुकडे आणा, मांडे न्या," आप्पा म्हणत होते.

"मी बाजारातनं घेणार न्हाय. माणुसकी म्हणून दे."

"फुकट दिले तर माझी व्यवस्था हरली, दादा."

"आणि विकत घेतले तर माझी!"

वर मांडे मऊ पडत चालले होते आणि खाली माणसं उपाशी होती. पुढं वर्गात अतिउत्पादन आणि टंचाई शिकवताना मला दर वर्षी तो जिना दिसायचा. मला त्या क्षणी दोघांचाही असा राग आला की लोणच्याची बरणी दोघांच्या मध्ये फोडावी. पण माझ्या आधी आई आली, मसालेभाताचा हात तसाच घेऊन.

"व्याही पानावरनं उठाल्यात," ती म्हणाली.

एवढंच. दोन्ही व्यवस्था त्या तीन शब्दांत कोसळल्या. आप्पांनी परात उचलली, अण्णांनी दुसरी, आणि दोघं एकमेकांना खांदे मारत जिना उतरले. "व्याही, एक घ्या!" "व्याही, माझ्या हातचा!" दत्ताजीराव अर्धे उठले होते ते पुन्हा बसले. हात पानावर. "नको." "आसं कसं?" "नको हो." "माझी शपथ हाय!" "बरं, तुमचा मान म्हणून." त्या एका हातापाठोपाठ सगळ्या पंगतीचे हात पानांवरनं उठले आणि मांड्यांवर दूध सुटलं. तुकडे संपलेली माडीवरची माणसंही खाली आली आणि मिळेल त्या पानावर बसली. नियोजन नाही, बाजार नाही, नुसता आरडाओरडा, आणि सगळे जेवले. दत्ताजीरावांनी किती मांडे खाल्ले ते मी सांगणार नाही, आमच्यात पाहुण्याचं मोजत नाहीत.

शेवटी तृप्त होऊन ते सुनेकडं वळले. "सूनबाई, आज मी खूश हाय. माग, काय पाहिजे ते."

"काय नको, मामंजी."

"आसं कसं? माग."

"नको, मामंजी." जरा हळू.

दत्ताजीरावांनी दुधाचा हात पुसला. "आता तिसऱ्यांदा इचारतोय, पोरी."

आक्कानं मुंडावळ्या बाजूला सारल्या. ती सासऱ्यांकडं न बघता अण्णा-आप्पांकडं बघत म्हणाली, "मला दुकानात वाटा पाहिजे. निपाणीत शाखा काढायची हाय, भागीदारीत."

दूध वाढणारा पोरगा तसाच वाकून राहिला. पहिल्यांदा अण्णा बोलले. "सुमन, हा एका व्यक्तीचा प्रश्न न्हाय. हा रचनेचा प्रश्न हाय." त्यांच्यामागोमाग आप्पा. "सुमे, धंदा हाय ह्यो, हळदीकुंकू न्हवं. लेकीबाळींना कुठं वाटा असतोय?" आणि दोघं एकदम थबकले, कारण जन्मात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं. दोघांना त्याचंच नवल वाटत होतं. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. जो झटतो त्याला फळ, या आप्पांच्या नियमानं वाटा तिचाच होता. जो राबतो त्याची मालकी, या अण्णांच्या नियमानंही तिचाच. दोन उलट्या वाटांनी चालत जाऊन दोघे भाऊ एकाच बंद दारापाशी उभे होते, आणि दाराच्या आत आक्का होती.

दत्ताजीरावांनी सावकाश डावा हात पानावर आडवा धरला. भात यायचा होता.

"नको," ते म्हणाले. "आणि ह्यो पहिला नको समजू नका. सुनंला वाटा मिळाल्याबिगर मी भात घेत न्हाय."

त्यांच्या शेजारच्यानं हात धरला. मग त्याच्या शेजारच्यानं. बघता बघता सगळी निपाणी आणि अर्धं बोरगाव पानांवर हात ठेवून बसलं. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यभर त्यांनी संपावर व्याख्यानं दिली होती, पण संप त्यांच्या अंगणात कधी आला नव्हता. "संप हाय हा," ते पुटपुटले, आणि त्या आवाजात एवढा आदर होता की ते आपल्या विरुद्ध आहे हे ते विसरले. आप्पांची नजर दुसरीकडंच होती. ती वरपक्षाच्या बायकांच्या ओळीवरून फिरत होती, एकेका साडीवर थांबत. सगळ्या कोल्हापुरातून घेतलेल्या.

"दिला वाटा," आप्पा म्हणाले. "अर्धी भागीदारी. आता हात काढा, व्याही."

"दिलाच पाहिजे," अण्णा म्हणाले, जसं काही संपाचं नेतृत्व तेच करत होते.

भात आला. पंगतीचा निकाल काय, यावर भाऊ मरेपर्यंत भांडले. आप्पा म्हणायचे मांडे शेवटी माझ्या परातीतले होते, अण्णा म्हणायचे वाटले ते फुकट. मला विचाराल तर दोघांनीही माणसाच्या गरजेविषयी बरंच बरोबर सांगितलं होतं. माणूस ती गरज तोंडानं सांगतो कधी आणि कशी, हे दोघांच्याही पुस्तकांत नव्हतं. गंगूआत्याचं दुपटं झालं. तीन बाळं वाढली त्यावर.

निपाणीचं दुकान अजून चालतं. आता पैसे फोनवरून येतात आणि बायका साडीचा फोटो काढून घरी विचारतात, आक्का त्यांना बसवते, पाणी देते आणि तिसरी साडी उलगडते. अण्णा गेले, आप्पा गेले. खडेबाजारामागचं घर आता पाडायचं आहे. तिथं चार मजली इमारत होणार. गेल्या महिन्यात आप्पांचा मुलगा, प्रकाश, माझ्याकडं कुंदा घेऊन आला. बरोबर हक्कसोडीचे, म्हणजे घरातला वाटा सोडल्याचे, कागदही होते. आक्का नेमकी आलेली होती. तिनं तिचे कागद सहीशिवाय कधीच परत पाठवले होते.

"आक्का, तुला काय पाहिजे घरातलं?" त्यानं मला विचारलं. तो मलाही आक्काच म्हणतो. गुणी मुलगा आहे, वाईट नाही.

"मला एकटीला काय करायचंय रे? काय नको," मी म्हणाले.

त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं पेन काढलं. आक्का चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "प्रकाश, कितीदा विचारलास तिला?"

"एकदाच की."

"परत विचार."

तो हसला, त्याला गंमत वाटली. "आक्का, खरंच काय पाहिजे?"

"नको रे," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच हळू ऐकू आला. माडीचे दिवस आठवले, सांडग्यांची ती परात, अण्णांच्या रेडिओची खरखर. तीस वर्षं मी मुलांना हक्क, मालकी, वाटप शिकवलं होतं आणि स्वतःच्या घरातल्या वाट्याला सवयीनं नको म्हणत होते, पाहणीला गेलेल्या अण्णांसारखी, आत्ताच जेवल्याचं दाखवत.

प्रकाशचं हसू गेलं. आक्का माझ्याकडं बघत होती, मुंडावळ्या बाजूला केल्यासारखी.

"आक्का," तो तिसऱ्यांदा म्हणाला, आता अगदी हळू. "पाहिजे काय तुला?"

कुंद्याच्या बशीवर माझा हात कधीपासून आडवा होता. मी तो काढला.

"वाढ," मी म्हणाले.